पत दुकानाची की घराची? दोन वह्यांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये रेंज गेली म्हणून अर्ध्यात सुटलं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे घातल्यात, आणि माझं अडखळणं काढून टाकलंय.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, आधीच सांगतो. बी-टू-बी डेटा आणि बी-टू-सी डेटा. एक धंद्यांचा डेटा, दुसरा ग्राहकांचा. मार्केटिंग शिकणाऱ्यांना हा फरक पहिल्याच आठवड्यात एका तक्त्यात दाखवतात आणि पुढे जातात. मलाही तसाच शिकवला होता. पण तो खरा कळला तो एका फोनमुळे.

बी.कॉम. झाल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. काम सोपं. समोर एक्सेलची यादी, कानाला हेडसेट, आणि दिवसाला ऐंशी फोन. आम्ही छोट्या कारखानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचो. यादीत रकाने होते: फर्मचं नाव, मालकाचं नाव, फोन, गाव, अंदाजे उलाढाल. टीम लीडर म्हणायचा, "टेन्शन नको घेऊ, हा बिझनेस डेटा आहे. आपण कुणाच्या घरी फोन करत नाही."

एके दुपारी इचलकरंजीतल्या एका टेक्स्टाइल फर्मचा नंबर लागला. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. एका बाईंनी फोन उचलला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, सरांशी बोलता येईल का?" त्या म्हणाल्या, "ते वारले ओ. तीन महिने झाले. माग पण विकून टाकले. रोज चार फोन येतात तुमच्यासारख्यांचे. एवढं नाव काढा की यादीतनं."

मी "सॉरी ताई" म्हटलं आणि फोन ठेवला. मग यादीत काय टाकायचं ते शोधायला लागलो. पर्याय चारच होते: इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, कॉल बॅक, राँग नंबर. माणूस गेला, यासाठी रकानाच नव्हता. टीम लीडरला विचारलं, तर म्हणाला, "नॉट इंटरेस्टेड टाक ना." मी टाकलं. तीन आठवड्यांनी नवीन यादी विकत घेतली गेली, आणि तोच नंबर पुन्हा माझ्यासमोर आला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. तो नंबर धंद्याचा होता की घराचा? आणि हे ठरवतं कोण? उत्तर शोधत मी मागे मागे गेलो, आणि पोचलो थेट १८३७ सालच्या न्यूयॉर्कमध्ये.

पहिली वही: व्यापाऱ्याचं नाव

न्यूयॉर्कमध्ये आर्थर टॅपन नावाचा रेशमाचा मोठा व्यापारी होता. धाकटा भाऊ लुईस त्याच्या पेढीवर उधारीचं काम बघायचा. त्या काळची पद्धत अशी: लांबच्या गावांतले दुकानदार वर्षातून एक-दोनदा न्यूयॉर्कला यायचे, सहा-सहा महिन्यांच्या उधारीवर माल भरायचे आणि परत जायचे. पैसे येतील की नाही, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून आणि त्याने आणलेल्या शिफारसपत्रावरून ठरवायचं. आपल्याकडेही अडत्या हेच करायचा की. फक्त आपला अडत्या पंचक्रोशीतला असल्यामुळे घराणं ओळखायचा. न्यूयॉर्कच्या पेढीला ओहायोतल्या दुकानदाराचं घराणं कुठून ठाऊक असणार?

१८३७ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बसल्या, उधारी बुडाली, आणि टॅपन बंधूंची पेढी दहा लाख डॉलरहून जास्त कर्जाखाली कोसळली. त्यांनी ते कर्ज पुढे फेडलं. पण लुईसला एक गोष्ट पक्की समजली होती: माल विकण्यापेक्षा, कुणाला उधार द्यावं ही माहिती जास्त मोलाची आहे.

हा लुईस टॅपन साधा माणूस नव्हता, बरं का. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतला तो एक पुढारी. १८३४ मध्ये दंगलखोरांनी त्याचं घर फोडून सामान रस्त्यावर आणून जाळलं होतं. 'अमिस्टाड' जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांचा खटला लढवण्यासाठी ज्यांनी पैसा आणि वकील उभे केले, त्यांत तो पुढे होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला १८४१ मध्ये, आणि त्याच वर्षी लुईसने न्यूयॉर्कमध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' उघडली.

काम कसं चालायचं, ते ऐका. गावोगावी बातमीदार नेमले, बहुतेक वकील. त्यांना पगार नसायचा. त्याऐवजी त्या गावातली बुडीत उधारी वसूल करायचं काम त्यांना मिळायचं. ते गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याबद्दल लिहून पाठवायचे: भांडवल किती, घर स्वतःचं आहे का, वय, लग्न, दारू पितो का, शब्दाला पक्का आहे का. न्यूयॉर्कमध्ये कारकून हे सगळं मोठाल्या वह्यांमध्ये उतरवून घ्यायचे. वर्गणीदार व्यापारी कार्यालयात यायचा, नाव सांगायचा, आणि कारकून त्याला मजकूर वाचून दाखवायचा. वही हातात मिळायची नाही.

या बातमीदारांमध्ये तेव्हा वकिली करणारे अब्राहम लिंकनही होते. पुढे एजन्सी रॉबर्ट ग्रॅहॅम डन यांच्याकडे गेली आणि तिला त्यांचं नाव लागलं. त्या काळातल्या सुमारे अडीच हजार वह्या आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. म्हणजे जगातला बहुधा पहिला मोठा बी-टू-बी डेटाबेस आजही कपाटात ठेवलेला आहे, शाईने लिहिलेला.

आता यातली खरी गोम बघा. वही धंद्यांची होती, पण तिच्यात धंदा कमी आणि माणूस जास्त होता.

ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे. तिथे बियर्डस्ली नावाचे दोन व्यापारी भागीदार होते. एजन्सीच्या वहीत त्यांच्यातल्या एकाबद्दल असं आलं, की याची बायको घटस्फोट आणि पोटगी मागणार आहे, त्यामुळे मालमत्ता याच्या हातात राहील की नाही सांगता येत नाही. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं बंद केलं. बियर्डस्लींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. लुईस टॅपनचा उत्तराधिकारी बेंजामिन डग्लस साक्षीला उभा राहिला. बातमी कुणी दिली, असं विचारल्यावर नाव सांगायला त्याने नकार दिला, आणि त्यासाठी त्याला तुरुंगात जावं लागलं. १८५१ मध्ये ज्यूरीने बियर्डस्लींच्या बाजूने १०,००० डॉलरची भरपाई दिली. एजन्सी वरच्या कोर्टात गेली, आणि तब्बल १८७० साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला.

हा खटला मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला इचलकरंजीच्या त्या ताई आठवल्या. एका वहीत घरातली गोष्ट 'धंद्याची माहिती' म्हणून आली होती. दुसऱ्या यादीत धंद्याचा नंबर थेट घरात वाजत होता. मधे पावणेदोनशे वर्षं गेली होती, आणि दुकान व घर यांच्यामधली भिंत तेवढीच पातळ होती.

दुसरी वही: गिऱ्हाइकाचं नाव

मर्कंटाइल एजन्सीच्या वहीत फक्त व्यापारी होते. साबण, पीठ, कापड विकत घेणारं साधं गिऱ्हाईक तिच्यात नव्हतं. त्याची गरजही नव्हती. किराणा दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाला ओळखायचा. आपल्याकडच्या उचापतीच्या वहीसारखंच.

पण शहरं वाढली, आणि दुकानदाराला समोरचा माणूस ओळखू येईना. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावात केटर वूलफर्ड नावाचा किराणा दुकानदार होता. त्याने स्थानिक दुकानदारांसाठी एक यादी केली: कोणतं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं, कोण उशीर करतं, कुणाला रोखीनेच माल द्यावा. यादी इतकी चालली, की १८९९ मध्ये त्याने आणि त्याचा भाऊ गाय याने अटलांटा शहरात 'रिटेल क्रेडिट कंपनी' सुरू केली. दुकानदारांनी वर्गणी भरायची आणि पुस्तकात गिऱ्हाइकाचं नाव शोधायचं.

पुढे विमा कंपन्या या कंपनीकडे चौकशीची कामं देऊ लागल्या. मग तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन विचारायचे: संसार कसा चाललाय, पितो का, चालचलन कसं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाखो सामान्य लोकांच्या फायली तयार झाल्या. आणि त्यांतल्या बहुतेकांना आपली फाईल आहे, हेच माहीत नव्हतं.

१९६०च्या दशकात या फायली कॉम्प्युटरवर चढवायची वेळ आली, तेव्हा लोक घाबरले. अमेरिकी संसदेत सुनावण्या झाल्या. १९७० मध्ये 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट' हा कायदा झाला. त्याने सामान्य माणसाला हक्क दिला: माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला कळलं पाहिजे, आणि चुकीचं असेल तर मी त्यावर हरकत घेऊ शकतो. १९७५ मध्ये रिटेल क्रेडिट कंपनीने नाव बदललं. नवं नाव तुम्ही ऐकलं असेल: इक्विफॅक्स. २०१७ मध्ये याच कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती.

इथे जरा थांबा, कारण आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. १९७०चा हा कायदा माणसाच्या, म्हणजे ग्राहकाच्या अहवालांसाठी होता. कंपन्यांबद्दलचे अहवाल त्यात धरले नाहीत. म्हणजे बिझनेस डेटा आणि कन्झ्युमर डेटा ही नुसती मार्केटिंगवाल्यांची वाटणी राहिली नाही, ती कायद्याची वाटणी झाली. एका बाजूला हक्क आहेत, दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीत. तुम्ही कुठल्या बाजूला पडता, यावर सगळं अवलंबून.

तिसरा माणूस: नाव नको, आकडा द्या

या दोन वह्यांमध्ये एक साम्य आहे. दोन्हींत नाव लागतं. नाव नसेल तर वहीचा उपयोग शून्य. आता अशा माणसाकडे वळू, ज्याला नावात काही रसच नव्हता.

आर्थर नील्सन. शिक्षणाने इंजिनिअर. १९२३ मध्ये त्याने शिकागोत कंपनी काढली. गंमत म्हणजे सुरुवात बी-टू-बीपासून. कारखान्यांमध्ये जाऊन यंत्रं कशी चालतात याची पाहणी करायची आणि तो अहवाल यंत्र बनवणाऱ्यांना विकायचा. मग १९२९ची महामंदी आली. कारखान्यांनी यंत्रं घेणं थांबवलं आणि नील्सनची कंपनी बुडायला आली.

तेव्हा त्याने डोकं लावलं. लोक यंत्रं घेत नसतील, पण साबण, टूथपेस्ट आणि डोकेदुखीची गोळी तर घेतच असतील. पण कंपन्यांना हे कळत नव्हतं. साबणाच्या कंपनीला एवढंच माहीत असायचं, की आपण घाऊक व्यापाऱ्याला किती पेट्या दिल्या. त्या दुकानात धूळ खात पडल्यात की लोकांच्या न्हाणीघरात पोचल्यात, हे समजायला कित्येक महिने जायचे.

१९३३ मध्ये नील्सनने औषधांच्या दुकानांची पाहणी सुरू केली. सगळी दुकानं नाहीत, निवडलेली थोडी. त्याची माणसं ठराविक काळाने जाऊन साठा मोजायची आणि बिलं तपासायची. हिशेब आपल्या कुठल्याही दुकानदाराला येतो तोच. समजा पहिल्या भेटीत ४० साबण होते, मधल्या काळात बिलाप्रमाणे ६० आले, आणि दुसऱ्या भेटीत २५ उरले. म्हणजे विकले गेले ७५. एवढंच. पण हे एकदम अनेक दुकानांत, सगळ्या ब्रँडांसाठी केलं, की कळतं शंभर साबणांपैकी तुमचे किती आणि शेजारच्या कंपनीचे किती. 'मार्केट शेअर' हा शब्द आपण आज सर्रास वापरतो. तो रोजच्या वापरात आणण्यात नील्सनचा मोठा वाटा आहे.

मग तो रेडिओकडे वळला. लोक काय ऐकतात ते नोंदवणारं 'ऑडिमीटर' नावाचं यंत्र त्याने १९३६ मध्ये एमआयटीच्या दोन प्राध्यापकांकडून मिळवलं, आणि १९४२ पासून त्यावर रेडिओचे आकडे देऊ लागला. पुढे टीव्ही आला. टीआरपी हा शब्द आपण भांडताना वापरतो, त्याचं मूळ या घरात आहे.

फरक लक्षात आला का? टॅपनच्या वहीत एक माणूस चुकला, तर एका माणसाचं वाटोळं व्हायचं. नील्सनच्या हिशेबात एक माणूस वगळला तरी काही बिघडत नव्हतं. कारण तिथे माणूस नव्हताच, सरासरी होती. धंद्याचा डेटा म्हणजे थोडी नावं आणि प्रत्येकाची खोल माहिती. ग्राहकाचा डेटा म्हणजे खूप माणसं आणि प्रत्येकाची उथळ माहिती. बरीच वर्षं जग असंच चाललं.

आणि मग १९८४ मध्ये एक सौदा झाला. डनची कंपनी १९३३ मध्येच ब्रॅडस्ट्रीट या आपल्या प्रतिस्पर्ध्यात विलीन झाली होती. त्या डन अँड ब्रॅडस्ट्रीटने नील्सनची कंपनी विकत घेतली. नावांची वही आणि सरासऱ्यांची वही एकाच छपराखाली आल्या. १९९६ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या, पण जाता जाता एक गोष्ट मागे ठेवून गेल्या. १९९४ मध्ये डन अँड ब्रॅडस्ट्रीटने सत्यमबरोबर चेन्नईत आपलं एक आयटी युनिट काढलं होतं. त्याचंच पुढे कॉग्निझंट झालं. हिंजवडीत कॉग्निझंटची बस पकडणाऱ्या माझ्या दोन मित्रांना मी हे सांगितलं. एकाचाही विश्वास बसला नाही.

पत्ता सांगा, ओळख सांगतो

मधली एक कडी राहिली. सरासरीतून पुन्हा माणसापर्यंत कसं यायचं? ते जमलं पत्त्यामुळे.

अमेरिकेत १९६३ मध्ये टपालासाठी झिप कोड आले. १९७०च्या दशकात जोनाथन रॉबिन नावाच्या संशोधकाच्या क्लॅरिटस या कंपनीने जनगणनेचे आकडे घेऊन प्रत्येक झिप कोडला एका गटात बसवलं. एकूण ४० गट. कुठला श्रीमंत बंगलेवाल्यांचा, कुठला नवीन लग्न झालेल्यांचा, कुठला गावाकडच्यांचा. तत्त्व साधं होतं: एकसारखी माणसं एकमेकांच्या शेजारी राहतात. तुमचं नाव नको, पिन सांगा, म्हणजे तुम्ही कुठली गाडी घ्याल याचा अंदाज सांगतो.

आणि आपला पिन कोड? तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो आखणारा माणूस मराठी होता: श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्यासमोरचा प्रश्न मार्केटिंगचा नव्हताच. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले आणि लिप्यांतले पत्ते. पत्र चुकीच्या गावी जाऊ नये, एवढाच हेतू. आज ऑर्डर देताना आपण ते सहा आकडे टाकतो आणि अ‍ॅप ठरवतं की कॅश ऑन डिलिव्हरी द्यायची की नाही. यात वेलणकरांचा काही दोष नाही. पण एका कामासाठी तयार केलेली नोंद दुसऱ्याच कामाला लागते, याचं हे घरचं उदाहरण.

पिन कोडच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक चाळणी आली. १९८८ मध्ये मार्केट रिसर्चवाल्यांनी शहरी घरांसाठी वर्गवारी ठरवली. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि त्याचा व्यवसाय, या दोन गोष्टींवरून घराला अक्षर मिळायचं. २०११ मध्ये ती बदलली. आता शिक्षणाबरोबर घरात कोणत्या वस्तू आहेत ते मोजायला लागले: फ्रिज, टीव्ही, गाडी वगैरे. तुमच्या घरी कुणी सर्व्हेवाला येऊन "पंखा आहे का, वॉशिंग मशिन आहे का" असं विचारून गेला असेल, तर तो हेच करत होता.

मग आला स्मार्टफोन. त्याने उरलेलं काम संपवलं. आता सरासरीची गरजच उरली नाही. प्रत्येक फोनला जाहिरातींसाठी स्वतःचा ओळख क्रमांक असतो. नील्सनला नाव नको होतं. आताच्या जाहिरातवाल्यालाही नाव नकोय, पण त्याला नेमके तुम्हीच हवे आहात. ग्राहकाचा डेटा पुन्हा टॅपनच्या वहीसारखा झालाय: एकेका माणसाचं एकेक पान.

सहावं अक्षर

आता परत इचलकरंजीला येऊ.

आपल्याकडे क्रेडिटची कंपनी, सिबिल, २००० साली मुंबईत सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या भागीदारांमध्ये आपल्या ओळखीची डन अँड ब्रॅडस्ट्रीटही होती. सिबिलमध्ये तुम्हाला दोन्ही वह्या वेगवेगळ्या दिसतील. माणसाला ३०० ते ९०० मध्ये स्कोअर, कंपनीला १ ते १० मध्ये रँक. पण यंत्रमागाचा कारखाना असलेला माणूस कर्ज मागायला बँकेत गेला, की मॅनेजर आधी त्याचा स्वतःचा स्कोअर बघतो. का? कारण आपल्याकडच्या असंख्य छोट्या धंद्यांना कायद्याने वेगळं अस्तित्वच नसतं. प्रोप्रायटर म्हणजेच फर्म. तो गेला की फर्म गेली.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. कुठल्याही दुकानाचं बिल घ्या आणि त्यावरचा जीएसटी क्रमांक बघा. १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन नंबर. आता डावीकडून सहावं अक्षर बघा. तिथे इंग्रजी 'सी' असेल तर ती कंपनी. 'एफ' असेल तर भागीदारी फर्म. आणि 'पी' असेल तर तो एक माणूस, 'पर्सन'मधला पी. म्हणजे आपण ज्याला धंद्याचा नंबर समजतो, त्याच्या पोटात एका माणसाचा स्वतःचा पॅन असतो. तो प्रत्येक बिलावर छापावा लागतो. सरकारी पोर्टलवर तो टाकला की नाव आणि धंद्याचं ठिकाण दिसतं, आणि माग घराच्या मागच्या शेडमध्ये असतील तर ते ठिकाण म्हणजे घरच. फोन नंबर तिथे दिसत नाही. तो कुठल्या तरी प्रदर्शनात दिलेल्या व्हिजिटिंग कार्डावरून किंवा दुसऱ्या यादीतून येऊन त्याला चिकटतो. आणि बनते 'बिझनेस डेटा'ची एक ओळ.

२०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. तो माणसाच्या डेटाला संरक्षण देतो, कंपनीच्या नाही. १९७० मध्ये अमेरिकेने आखलेली रेघच इथेही आहे. मग प्रोप्रायटर? तो माणूसच आहे, त्यामुळे त्याचा डेटा वैयक्तिक आहे, असं कायदा वाचून वाटतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय, की जी माहिती कायद्याच्या बंधनामुळे सार्वजनिक करावी लागते, तिला हे संरक्षण लागू नाही. छोट्या दुकानदाराची बरीचशी माहिती याच दारातून बाहेर जाते.

या कायद्यात एक तरतूद मात्र मी दोनदा वाचली. आपल्या मृत्यूनंतर आपल्या डेटाचे हक्क कुणी बजवायचे, यासाठी नॉमिनी नेमता येतो. म्हणजे "एवढं नाव काढा की यादीतनं" असं म्हणायचा हक्क आता कायद्यात लिहिलेला आहे. आमच्या एक्सेलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

ज्यांचं स्वतःचं छोटं काम आहे, त्यांना दोन साध्या गोष्टी सांगतो. एक, धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. महागडं नाही, पण घरातला नंबर बिलावर आणि कार्डावर छापू नका. दोन, सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. तो मागवा आणि वाचा. बियर्डस्लीला आपलं पान वाचायला मिळालं असतं, तर कदाचित कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

आणि जे माझ्यासारखे कॉल सेंटरमध्ये बसलेत, त्यांना एक विनंती. यादीवर 'बिझनेस डेटा' असं लिहिलेलं असलं, तरी फोन उचलणारा माणूसच असतो. तो नंबर दुसऱ्यांदा आला तेव्हा मी फोन केला नाही. ती ओळ डिलीट केली आणि टीम लीडरला तसं सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या यादीत परत येईल." आला असेलच. तोपर्यंत मी ती नोकरी सोडली होती.

आपल्या मराठीत क्रेडिटला 'पत' म्हणतात. माणसाची पत, दुकानाची पत, घराण्याची पत, सगळ्याला एकच शब्द. आधी मला वाटायचं भाषा गरीब आहे, दोन शब्द हवेत. आता वाटतं, आपल्या बाजारात ते कधी दोन नव्हतेच.

तुमच्या घरी धंद्याच्या नावाने कुणासाठी फोन येतात, ते मला नक्की कळवा. नावं नकोत, फक्त गोष्ट सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.